कलिंगडांच्या उबेत बसलेले आप्पा

चि. सखाराम यास बहीण हौसा हिचा आशीर्वाद.

वर श्री घातलेला नाही तो विसरले म्हणून नव्हे, सुतकात घालत नाहीत. पण श्री दिसला नाही म्हणून पत्र वाचून लगेच फाडू नकोस. ही मयताची बातमी नाही. मयताची बातमी तुला आहेच, खांदा तूच दिलास. गुडघा कसा आहे? मयताच्या दिवशी पाणंद उतरताना तू डाव्या पायावर लंगडत होतास आणि तरी हट्टाने पुढच्या बाजूला घुसलास, त्यामुळे तिरडी सबंध वाट एका अंगाला कलती होती. तुझ्या दाजींच्यात, आप्पांच्यात, जीव असता तर तिथूनच ओरडले असते. राजश्रीची साखर किती आहे? तिला सांग, सकाळी कारल्याचा रस पिऊन वर चहात दोन चमचे साखर घातली तर कारल्याने काय करायचं? (मी बघितलंय, नाही म्हणू नको म्हणावं.) नातवंडांना आशीर्वाद. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, तेव्हा खुशाल आहोत.

पत्र लिहायचं कारण, फोन लावला की राजश्री उचलते आणि म्हणते, ते झोपलेत. सकाळी झोपलेत, दुपारी झोपलेत, दिवेलागणीला झोपलेत. इतकं झोपणारा माणूस आमच्याकडे एकच होता, त्याला आपण परवा पोचवून आलो. सानवी म्हणाली, आजी तू सांग, मी मोबाइलवर टाइप करून मामाआजोबांना पाठवते. तिला म्हटलं, तू माझ्या शिव्या गाळशील. माझी शाळा दुसरीत सुटली ते तुला ठाऊक आहे (तुझा पाळणा हलवायला सुटली, तेही ठाऊक असू दे), तेव्हा अक्षर लागलं नाही तर राजश्रीकडून वाचून घे. हे पत्र पोफळीच्या एस.टी.च्या ड्रायव्हरकडे देतेय. तो तुझ्या दारात हॉर्न मारणार आहे, त्याच्यासमोर झोपेचं सोंग करू नकोस, भला माणूस आहे.

आता मुद्दा. मसणातून परत आल्यावर, पाय धुवायच्या आधी, आमच्या खळ्यात सगळ्या भावकीसमोर उभा राहून तू म्हणालास, दाजींना या पोराने धुरात कोंडून मारलं, तेराव्याला मी येणार नाही आणि याच्या डोक्यावर टोपी घालणार नाही. एवढं बोललास आणि माझ्या हातचं पाणीही न घेता रिक्षात बसलास. तू बोलून गेलास, ते इथे राहिलं. आपल्यात मामाने तेराव्याला भाच्याच्या डोक्यावर टोपी ठेवली म्हणजे त्याचा दुखवटा उतरतो, मग तो माणसांत बसतो, शेतात पाय टाकतो. ज्याला मामा नाही त्याचं कोणीही करतं. पण मामा पोफळीला धडधाकट बसलेला असताना आला नाही, तर लोक का म्हणून विचारत नाहीत, लोक समजतात. माझा दीपक जन्मभर बापाला मारलेला म्हणून या वाडीत फिरेल. तरी मी तुला बोलवायला हे पत्र लिहीत नाही, हे आधीच सांगते. मी कुणाच्या पाया पडायला गेलेली नाही आणि धाकट्या भावाच्या तर नाहीच. पण तू काही न विचारता बोललास, तेव्हा न विचारता ऐकूनही घे.

दीपक मुंबईत काय करायचा ते तुला पुरतं माहीत नसेल, आम्हालाही उशिरा कळलं. तो थंडीच्या खोल्या बांधायचा. मासे, आइस्क्रीम, औषधं असलं काय काय ठेवायच्या. भिंतीत थर्माकोल भरायचा, दाराला रबर लावायचं आणि थंडी आत कोंडायची. अर्धं आयुष्य ते केलं, कमरेची वाट लागली, मग बायकोपोर घेऊन गेल्या गणपतीत आला तो राहिलाच. आणि इथे आल्यावर डोक्यात काय घेतलं, तर तेच उलटं करायचं. बाहेर थंडी ठेवायची आणि आत ऊब कोंडायची. कशासाठी, तर कलिंगडासाठी. आपल्याकडे सगळ्यांची कलिंगडं पाडव्याच्या आसपास एकदम येतात, रस्त्याच्या कडेला ढीग लागतात, गिऱ्हाईक थापट्या मारून बघतं आणि पुढे जातं. ह्याचं म्हणणं, आपलं शिमग्याला आलं पाहिजे, पालखी नाचवून घसा सुकलेल्या माणसाच्या हातात. म्हणजे रोप मार्गशीर्षात तयार पाहिजे. आणि मार्गशीर्षात आमच्याकडे सह्याद्रीवरून जो वारा उतरतो त्यात माणूस उगवत नाही, कलिंगड काय उगवणार.

म्हणून त्याने भात कापून मोकळ्या झालेल्या घरामागच्या कुणग्यात चिव्याच्या बांबूच्या कमानी रोवल्या आणि वर प्लास्टिकचा कागद ताणला. एक नाही, दोन. मध्ये वीतभर जागा. मी विचारलं, मध्ये काय भरणार? म्हणतो, हवा. आये, कोंडलेली हवा हीच गोधडी. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी जन्मभर फाटकी लुगडी शिवत बसले नसते, नुसती हवाच पांघरली असती. मग वाऱ्याच्या बाजूला जांभ्याचे चिरे रचले, बुडाला सभोवार पेंढ्याच्या गुंड्या लावल्या, आणि चिऱ्यांच्या बाहेरून लावायला दाभोळच्या भागोजीकडून (हा त्याचा मुंबईचा सोबती, आता मासळीच्या धंद्यात आहे) टेम्पोभर थर्माकोलच्या पेट्या आणल्या. माशांच्या पेट्या रे. धुतल्या होत्या म्हणे. कशाने, ते भागोजीला ठाऊक. मार्गशीर्षातल्या गुरुवारी सूनबाई नम्रता घरात घट मांडून बसलेली, अगरबत्ती लावलेली, आणि परसातून बांगड्याचा असा वास की देवीलाही उपास सोडावासा वाटला असेल. पंचक्रोशीतली मांजरं आली. कोल्हाही येऊन गेला, पेंढ्यात माग होता. वाडीने त्याला बोगदा नाव ठेवलं, आणि आमच्या भावकीतला रावजी रोज बांधावर उभा राहून विचारायचा, वहिनी, गाडी कितीला सुटते? मी म्हणायचे, तुझं तिकीट निघालं की सुटते.

बोगदा झाला, आता त्यात ऊब कुठून आणायची? दिवसा ऊन आत शिरतं, पण सकाळपर्यंत टिकत नाही. मोबाइलवर कुठल्यातरी परदेशातल्या बाबाने सांगितलं की खाली घोड्याच्या लिदीचा थर घाला, ती कुजताना तापते. आमच्या वाडीत घोडा फक्त लग्नाच्या व्हिडिओत. मग लीद नाही तर कोंबडीखत, असं ह्याने आपलं आपणच ठरवलं, पोती आणली, पेंढ्यात कालवून रचलं आणि वर रोपांचे ट्रे मांडून बी टोचलं. ऊब आली. इतकी आली की आत हात घातला तर भाजायचा, आणि डोळ्यांतून असं पाणी की शेजारचे म्हणाले, हौसाकाकूला रडताना पहिल्यांदा बघितलं. बी उकडलं. उगवायच्या ऐवजी शिजलं. कोंबड्यांना घातलं तर त्याही खाईनात, त्यांनी आपलं आपण ओळखलं असेल. दुसऱ्यांदा म्हशीचं ताजं शेण घेऊन आप्पा सांगतील तसं पातळ थराने घातलं, तेव्हा कुठे ऊब माणसात आली आणि बी उगवलं.

आता तो धूर, ज्याच्या नावाने तू बोललास. लपवत नाही. थंडीचा पहिला कडाका आला तेव्हा दीपक घाबरला आणि त्याने संध्याकाळी भाताच्या तुसाची शेगडी आत ठेवून दार बंद केलं. सकाळी बघतो तर रोपांनी माना टाकलेल्या, आणि आत उबेला झोपलेलं मांजर बाहेर आलं ते माडी ढोसलेल्या माणसासारखं, चारी पाय चार दिशांना. आप्पा तेव्हा बोगद्यात जातही नव्हते, ते पडवीत घोंगडीखाली खोकत होते. नम्रताने त्याच सकाळी शेगडी उचलली आणि बांधापलीकडे भिरकावली, तिचे तुकडे अजून तिथे आहेत, येऊन बघायला तिकीट नाही. त्या दिवसापासून बोगद्यात काडी ओढलेली नाही. आप्पांची विडीसुद्धा नाही. मी कमरेला हात लावून तपासून आत सोडत होते, मुंबईच्या मॉलमध्ये तपासतात ना, तसं.

मग शेगडीच्या बदल्यात काय, तर पिंपं. आमच्या रस्त्याचं काम झालं तेव्हा कंत्राटदाराने डांबराची रिकामी पिंपं वळणावर टाकली होती. दीपकने ती लोळवत आणली, पाणी भरलं आणि चिऱ्यांच्या कडेने आत ओळीने उभी केली. काळं पिंप दिवसभर ऊन खातं, पाणी तापतं, आणि मग सकाळपर्यंत हळूहळू सोडत राहतं. आग नाही, धूर नाही, शेगडी नाही. पाणी. तू त्या दिवशी बोगद्याच्या तोंडाशी उभा राहून ती काळी पिंपं बघितलीस आणि मान हलवलीस, तेव्हाच मला कळलं होतं तुझ्या मनात काय आलं, ह्यात जाळ केला असणार. जन्मभर पोफळीच्या डोंगराच्या पोटात, वीजघरात नोकरी केलीस, तिथे तुम्हाला हवा आणि धूर यांचं शिकवलं असेल, मान्य. पण सखाराम, पिंपात हात घालून बघितला असतास तर पाणी लागलं असतं.

आप्पा आत कसे गेले तेही सांगते, नाहीतर म्हणशील पोराने नेऊन बसवलं. दिवाळीपासून त्यांची छाती भरली होती. चिपळूणच्या डॉक्टरने नळी लावली, पाठ ठोकली, आणि मला बाहेर घेऊन सांगितलं, आजी, वय झालंय, थंडी काढली तर काढली, त्यांना ऊब द्या. कुठून द्या ते सांगितलं नाही. आमची पडवी तुला ठाऊक आहे, उन्हाळ्यात तिच्यासारखी जागा नाही आणि थंडीत तिच्यासारखा वैरी नाही. अंगावर घोंगडी, त्यावर माझी गोधडी, त्यावर दीपकचं मुंबईचं जाकीट, आणि खालून दात वाजताहेत. एके दिवशी उन्हं वर आल्यावर बघते तर बिछाना रिकामा. आम्ही आधी विहिरीत डोकावलो. (अशा वेळी आधी तिथेच बघतात, लाजायचं काय.) शेवटी सानवीने बोगद्यातून हाक मारली. आत ट्रेच्या दोन रांगांच्या मध्ये उलट्या बादलीवर बसून, पिंपाला पाठ टेकून, म्हातारा झोपलेला. डोक्यावरची कानटोपी काढलेली, स्वेटर काढलेला. आणि खोकत नव्हता. खोकत नव्हता म्हणून मला आधी वाईटच शंका आली, नाकाशी बोट धरून बघितलं तर डोळा उघडून म्हणाले, बोटाला लसणीचा वास येतो, लांब कर.

त्या दिवसापासून तेच त्यांचं ऑफिस. ऊन आलं की जायचे, ऊन कललं की यायचे. दीपकने बादलीच्या जागी खुर्ची नेऊन ठेवली आणि समोरच्या तोंडाचा कागद हातभर गुंडाळून बांधला, हवा यावी म्हणून. त्यावर बापलेकात रोज भांडण. हा गुंडाळायचा, ते सोडायचे. दीपक म्हणायचा, आप्पा, आतली हवा कोंदते. आप्पा म्हणायचे, तुझ्या कलिंगडांना ऊब आणि बापाला वारा, हाच धर्म शिकलास मुंबईत? आणि कलिंगडांवर तर त्यांचा दातच. कुठलं रोप रेंगाळतंय, कुठलं वाकडं वाढतंय, सगळ्यांना नावं ठेवायचे. एका वाकड्या रोपाला सखाराम म्हणायचे, हे तुला आता सांगायला हरकत नाही.

आता नीट वाच, कारण सगळं इथेच आहे. त्यांचे हात गार पडायचे. बसल्या बसल्या दोन्ही तळवे पिंपाला लावायचे. पिंप डांबराचं, ऊन लागलं की वरचं डांबर नरम होतं आणि हाताला येतं. तळवे काळे. तेच हात धोतराला, तेच पेजेच्या वाडग्याला, तेच सानवीच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर, पाचही बोटं, दरोडेखोराच्या पंजासारखी. आणि नाकात बोट घालायची सवय त्यांची लग्नाआधीपासूनची, आपल्या आईनेही बघायला आले तेव्हा पाहिली होती, तरी दिलं मला. म्हणून नाकपुडीही काळी. डांबर पाण्याने जात नाही, खोबरेलाने जातं. रोज संध्याकाळी मी पडवीत बसून खोबरेल घेऊन त्यांचे हात आणि नाक पुसायचे, वर बोलायचे, एवढं दीपकलाही लहानपणी पुसलं नव्हतं. ते गेले तो दिवस अर्धाच झाला होता. संध्याकाळ झाली नाही, म्हणून पुसायचे राहिले.

गेले ते असे. उन्हं चांगली वर आली होती. मी पेज घेऊन गेले. समोरचा कागद गुंडाळलेला होता, मी त्याच्याखालून वाकून आत गेले, माझ्या कमरेला विचार. त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, मीठ कमी आहे. मी म्हटलं, डॉक्टरने सांगितलंय. म्हणाले, डॉक्टर येतो काय पेज प्यायला, आण मीठ. मी शिव्या देत घरात गेले, मीठ घेऊन आले. आले तेव्हा मीठ लागणार नव्हतं. वाडगा मांडीवर तसाच होता, सांडलेलासुद्धा नाही. मग मी मुठीतलं मीठ कुठे टाकू ते कळेना, कलिंगडाला मीठ चालत नाही, म्हणून तशीच मूठ बांधून बाहेर आले आणि दीपकला हाक मारली.

नंतरचं तुम्हा पुरुषांच्या हातात. आंघोळ घालायला रावजी आणि मंडळी. मी दारातून ओरडले, हाताला खोबरेल लावा, तर रावजी म्हणतो, वहिनी, आता कशाला नटवायचंय. चार तांबे पाणी ओतलं, डांबर होतं तिथे राहिलं. तू पोचलास तेव्हा तिरडीवर काळे तळवे आणि काळ्या नाकपुड्या. पलीकडे बोगद्यात काळी पिंपं. आणि दीपकचे हातही काळे, कारण त्यानेच बापाला खुर्चीतून उचललं होतं. तू गणित घातलंस. बाईला विचारायची गरज काय, बाई रडत असेल. मी रडत नव्हते, मी तिथेच उभी होते.

आता दीपकचं ऐक, मग संपवते. तुझी रिक्षा वळणावरून गेली तशी त्याने कोयता घेतला आणि बोगद्याचे दोन्ही कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडले. गोधडीतली हवा गेली. कुणी अडवलं नाही, मीही नाही. मग पडवीत घोंगडीवर येऊन बसला तो बसलाच आहे. अग्नी दिलाय म्हणून त्याला कुठे जायचं नाही, हे सगळ्यांच्या सोयीचं झालंय, नाहीतर लोकांना कळलं असतं की त्याला जायचंच नाही. जेवण पुढे ठेवलं की वरण कालवतो आणि तसंच ठेवतो. दुसरं काही बोलत नाही. फक्त विचारतो, आये, आत हवा होती ना? मी म्हणते, होती. थोड्या वेळाने परत, आये, कागद गुंडाळलेला होता ना? मी म्हणते, होता, माझी कंबर मोडली त्याच्याखालून वाकून. परत विचारतो. मी दहादा सांगितलं तरी त्याला खरं वाटत नाही, कारण मी आई आहे, आई काहीही सांगेल. मामाने सांगितलेलं मात्र एकदाच ऐकलं आणि आतपर्यंत गेलं. नम्रताने विहिरीला झाकण घालून वर चिरा ठेवलाय. मला म्हणाली, आई, सानवी खेळते ना तिथे. सानवी नववीत आहे. दुसरा चिरा मी ठेवला.

तरी नम्रताने आणि मी दुसऱ्या दिवशी फाटलेला कागद चिकटपट्टीने जोडला, जिथे पट्टी धरेना तिथे दाभण घेऊन माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी शिवली, आणि वर दोन गोधड्या टाकल्या. काही ट्रे थंडीने गेले, बरेच जगले. रावजी बांधावर हजर. वहिनी, सुतकात बियाण्याला हात लावत नाहीत. मी म्हटलं, रावजी, रोपांना अजून बातमी दिलेली नाही, तू तोंड उघडू नकोस. पाणी मीच घालते. पण ती आता वेल टाकायला लागलीत, ट्रेमध्ये मुळांना जागा नाही, येत्या चार दिवसांत जमिनीत गेली नाहीत तर फुकट. आम्ही ट्रेला झारीने पाणी घालू शकतो, उघड्या शेतात लावणी करू शकत नाही. सगळी वाडी भावकीची, सगळ्यांना सुतक. पलीकडच्या वाडीत माणसं सांगून पाठवली, तर उत्तर आलं, सख्खा मामा येत नाही म्हणतो तिथे आम्ही कसे येणार.

तर हे असं आहे. धूर नव्हता, डांबर होतं. ऊब होती, आणि म्हाताऱ्याने शेवटचे दिवस न खोकता काढले. तुला पटलं तर पटलं, नाही पटलं तर पोफळीत झोप. मी बोलावलेलं नाही.

राजश्रीला आणि मुलांना पुन्हा आशीर्वाद.

तुझी थोरली बहीण,
हौसा

ता.क. बोलावलेलं नाही, पण येणारच असलास तर तेराव्याला पाहुण्यासारखा येऊ नकोस, उद्याच्या गाडीने ये. तुला आमचं सुतक नाही आणि खांदा दिल्याचं काय ते आंघोळीबरोबर गेलं. राजश्रीलाही आण, तिलाही सुतक नाही, आणि वाकून काम केलं तर साखर उतरेल. आळी दीपकने आधीच काढून ठेवली आहेत, नुसती रोपं लावायची. तुझ्या गुडघ्यासाठी पाट देते, बसून लाव. मामा स्वतः चिखलात बसलेला दिसला की पलीकडच्या वाडीतलेही येतील. दीपक पडवीतून बघेल. त्याला काही सांगू नकोस, समजावू नकोस, माफी तर मुळीच मागू नकोस, तुला ती नीट येत नाही. नुसता त्याला दिसेल अशा जागी बसून रोपं लाव, आणि मध्ये एकदा ओरडून विचार, दीपक, दोन रोपांत अंतर किती ठेवू?

ता.क. माझ्यासाठी दुखवट्याची साडी आणशील ती सुती आण. सिंथेटिक नको. ऊन आलं की मीही आता बोगद्यातच बसते, तिथे घाम येतो.

ता.क. पाकीट बंद करणार होते तर सानवीने वाचून विचारलं, आजी, एवढं लिहूनही मामाआजोबांना खरं वाटलं नाही तर? म्हणून हे शेवटचं. समजा धूर होता. समजा मी दुसरी शिकलेली म्हातारी, डोळ्यात मोतीबिंदू, मला दिसला नाही. समजा तो गुंडाळलेला कागद, ते मीठ, सगळं मी पोरासाठी रचून लिहिलं. तरी टोपी घाल. एक गेला त्याला तू खांदा दिलास, दुसऱ्याला द्यायची पाळी माझ्यावर आणू नकोस. आणि टोपी त्याच्या नेहमीच्या मापाची घेऊ नकोस. दहाव्याला डोकं भादरलं की ती सैल होऊन कानावर येते. एक नंबर लहान आण.